शालेय वयातील व्हिडिओनिर्मितीचे शिक्षण : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील शाळेत दूरचित्रवाणी संच आला तो विद्यार्थ्याला काही दाखविण्यासाठी. पडद्यावरचे चित्र कसे टिपले जाते, आवाज कसा घेतला जातो, नको असलेला भाग कसा कापला जातो, हे सहावी ते आठवीच्या मुलांना शिकविणे हा त्या काळातील योजनांचा हेतू नव्हता. मूल प्रेक्षक आणि निर्माता मात्र शहरातील तज्ज्ञ, ही विभागणी पुढे अनेक दशके टिकली. तिचा परिणाम ग्रामीण मुलांच्या व्यवसायनिवडीवर कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

पुण्याची परंपरा :

मराठी मुलखात चित्रपटाची कला प्रथम कारखान्यात, उस्तादाच्या हाताखाली शिकली गेली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि व्ही. शांताराम घडले. त्यांनी 1929 मध्ये स्थापन केलेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. प्रभातच्याच जागेत 1960 मध्ये केंद्र सरकारची चित्रपट संस्था सुरू झाली आणि 1974 मध्ये दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग तिला जोडला गेला. कारखान्यातील विद्या अशा रीतीने अभ्यासक्रमात आली खरी. पण ती प्रौढ विद्यार्थ्यासाठी, आणि प्रवेशाची चाळण पार करणाऱ्या मोजक्यांसाठी.

शालेय मुलांकडे पाहणारी यंत्रणा वेगळी होती. 1975-76 च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात (साइट) सहा राज्यांतील सुमारे 2400 खेडी होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. इन्सॅट योजनेतून 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली. मराठीतून शालेय कार्यक्रम तयार करणारी ही संस्था 2017 मध्ये बंद करण्यात आली. तिच्या कार्यक्रमांचे मोल नाकारता येणार नाही. तथापि तेथेही मुलाच्या वाट्याला आले ते पाहणेच. पुढे 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी प्रसारित झाली, तेव्हाही दिशा तीच होती.

वास्तविक या विषयाला शाळेत जागा नव्हती असे नाही. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाचा पुरस्कार केला होता आणि वेळापत्रकात तो तासही आला. परंतु बहुतेक शाळांत तो खडू, मेणबत्त्या आणि कागदी पाकिटांपलीकडे फारसा गेला नाही. कॅमेरा महाग होता, हे त्याचे एक कारण. हे कारण मोबाइल घरोघरी पोहोचल्यानंतर उरले नाही. तास मात्र बदलला नाही.

बारामतीतील ध्वनिकक्ष :

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून, तर विद्या प्रतिष्ठान 1972 पासून कार्यरत आहे. केंद्राने 2002 च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा दिली आणि विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने 2004 मध्ये 'वसुंधरा वाहिनी' सुरू केली. तालुक्याच्या ठिकाणी ध्वनिकक्ष उभा राहणे, स्थानिक बोलीतला आवाज प्रसारणयोग्य ठरणे, ही त्या काळी लहान घटना नव्हती. माध्यमनिर्मितीचा अर्धा भाग ध्वनीचा असतो. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक सोसतो, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातो. म्हणून शालेय मुलांना व्हिडिओ शिकविण्याची सुरुवात माइकपासून करणे अधिक योग्य, आणि त्यासाठी या परिसरास दूर जावे लागत नाही.

व्यवसायाची वाट :

दरम्यान, या तालुक्यांत व्हिडिओचे खरे शिक्षण शाळेबाहेर चालू होते. फोटो स्टुडिओत कामाला राहिलेला मुलगा आधी दिवा धरी, मग वायरी गुंडाळी, आणि दोन-तीन लग्नसराया गेल्यावर त्याच्या हाती कॅमेरा येई. कॅसेट गेली, संगणकावरील एडिटिंग आले, ड्रोन आला. शिकण्याची रीत बाबूराव पेंटरांच्या कारखान्यातलीच राहिली. या रीतीचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिची मर्यादा दुसरी आहे : तीत मुलगी जवळजवळ नसते, आणि लग्नाच्या शूटिंगपलीकडची कामे दृष्टीस पडत नाहीत. वृत्तवाहिन्यांचे तालुका प्रतिनिधित्व, कृषी विज्ञान केंद्रासाठी पीक-प्रात्यक्षिकांचे चित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन, उपशीर्षक-लेखन ही सारी याच कौशल्याची कामे होत.

उजनी जलाशयाच्या पलीकडच्या तीरावरील करमाळा तालुक्याचे उदाहरण येथे बोलके आहे. जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या हाती चित्रपटाचे तंत्र पदव्युत्तर शिक्षणात, अहमदनगरच्या महाविद्यालयात आले. 'पिस्तुल्या' हा लघुपट त्या काळातला. पुढे 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडे यास उत्कृष्ट बालकलाकाराचा, आणि 'सैराट'साठी अकलूजच्या रिंकू राजगुरू हिला विशेष उल्लेखाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. शाळकरी वयात या भागातील मुले कॅमेऱ्यापुढे राष्ट्रीय पातळीवर पोहोचली. कॅमेऱ्यामागे पोहोचण्यासाठी मात्र पदवीनंतरची वाट पाहावी लागली, आणि तोवर शिक्षण सुटलेल्यांची गणना कोणी ठेवलेली नाही.

धोरण आणि स्थानिक विषय :

2013 च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार शाळेत व्यावसायिक विषय आले, ते नववीपासून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची तरतूद सुचविली. सुतार, कुंभार, माळी यांच्या यादीत स्टुडिओवाला बसविण्यास कोणतीही अडचण नाही. तो कारागीरच आहे. अडचण येईल ती मुलींना पाठविण्याबाबत पालकांच्या मनातील शंकेची, आणि 'मोबाइल शाळेत नको' या नियमाची. पहिलीवर शिक्षिका सोबत असणे हा उपाय आहे. दुसरीवर शाळेच्याच ताब्यातील एक-दोन संच पुरेसे आहेत, कारण पाच मुलांच्या गटात एकाने चित्र घ्यावे, एकाने ध्वनी सांभाळावा आणि बाकीच्यांनी प्रश्न तयार करावेत, असेच हे काम चालते.

विषयांची वाण नाही. 1980 च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली नेली. ते विस्थापन प्रौढपणी अनुभवलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, आणि तिच्या आठवणी नोंदविण्यास फार वर्षे हाती नाहीत. पळसदेवचे बुडालेले मंदिर पाणी ओसरल्यावर उघडे पडते. ते सहसा उन्हाळ्यात, म्हणजे शाळांना सुट्टी असताना. त्यामुळे दहा दिवसांचे नियोजन शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच छापील वेळापत्रकात बसविण्यापेक्षा मार्च-एप्रिलमधील जलाशयाची पातळी पाहून करणे, हे इंदापूरच्या मुख्याध्यापकांना अधिक सोयीचे ठरेल.