ग्रॅहम यांचा पडदा

लंडनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख म्हणून १८५५ पासून नाण्यांच्या कसाची जोखीम शिरावर असतानाही मूळचे ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम यांचा विसरणाविषयीचा जुना ध्यास सुटला नव्हता. आणि कोणते द्रव्य पडद्यातून पार होते व कोणते अडते, या प्रश्नाची जी तपशीलवार तपासणी त्यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केली, ती पुढे वैद्यकाच्या फार कामी आली. प्रश्न अर्थात नवा नव्हता. १७४८ मध्येच नोले नामक फ्रेंच धर्मोपदेशकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवले असता पाणी आत शिरून तो पडदा टम्म फुगल्याचे पाहिले होते. परंतु कोणास वाट मिळते आणि कोणास मज्जाव होतो, याची रीतसर झडती ग्रॅहम यांनीच घेतली.

त्यांचा सरंजाम पाहून हसूच यावे. गटापर्चाचे एक कडे आणि त्यावर ओला असतानाच ताणून बसवलेला, गंधकाम्लाच्या संस्काराने चिवट झालेला चर्मपत्री कागद. मात्र द्रव्यांच्या आधी परीक्षा व्हावयाची ती या कागदाची: वरच्या अंगावरून पाण्याचा स्पंज फिरवून खालच्या अंगास ओलसर ठिपके उमटतात काय हे ते न्याहाळीत, आणि उमटलेच तर तेथे अल्ब्युमिनचा लेप देऊन तो उष्णतेने गोठवीत. मग वर द्रवाचा उथळ थर ओतून ते कडे पाण्यावर तरंगत सोडावयाचे. साखर आणि मीठ बिनतक्रार खाली उतरत. डिंक, जिलेटिन, अल्ब्युमिन वरच खोळंबत. अर्धा लिटर मूत्र चोवीस तास असे ठेवले, बाहेरचे पाणी आटवले, आणि उरलेल्या क्षारातून मद्यार्काने युरिया वेगळा काढला, तो चांगला स्फटिकरूपात हाती आला.

येथवरचे सारे निर्विवाद. परंतु यावरून अडणारी ती कलिल आणि पार होणारी ती स्फटिकाभ अशी द्रव्याची जणू दोन स्वतंत्र विश्वे मानावयास ते निघाले, तेथे त्यांनी पुराव्याची मर्यादा ओलांडली असे मला वाटते. रक्तातील हिमोग्लोबिनचे स्फटिक तोवर पाहण्यात आलेच होते, आणि तरीही हिमोग्लोबिन पडद्याआडच राहते. भेद मुख्यतः रेणूंच्या आकारमानाचा होता.

सिद्धान्त मागे पडला, पडदा टिकला. १९१३ मध्ये बाल्टिमोर येथे औषधशास्त्रज्ञ एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत कुत्र्याचे रक्त कोलोडियनच्या पडद्याच्या नळ्यांतून फिरवले, आणि ते गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरले. पुढे जर्मनव्याप्त हॉलंडात डच वैद्य कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन आवरणात युरिया मिसळलेले रक्त भरून ते मिठाच्या पाण्यात हलवून पाहिले. युरिया झपाट्याने बाहेर पडला. त्या भरवशावर लाकडी पिंपाला सेलोफेनची नळी गुंडाळून त्यांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त शुद्ध करणारे यंत्र उभारले. १९४३ पासूनचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये मात्र सदुसष्ट वर्षांची एक स्त्री त्या यंत्रावर शुद्धीवर आली, आणि पुढे काही वर्षे जगली.