ट्रोपोनिन : हृदयविकाराच्या झटक्याचा रक्तातील साक्षीदार

छातीत दुखू लागलेल्या आईवडिलांचा पहिला रक्त-अहवाल ‘नॉर्मल’ आल्याचे भारतातून फोनवर कळते आणि परदेशातील मुले सुटकेचा निःश्वास टाकतात. वैद्यकशास्त्र मात्र तेवढ्यावर निर्धास्त होत नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली, की प्राणवायूअभावी हृदयस्नायूच्या पेशी मरू लागतात व त्यांतील प्रथिने रक्तात झिरपतात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अशा रुग्णांत आज ‘एएसटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकराची वाढ नोंदवली. परंतु ते यकृतातही असते. पुढे आलेले ‘सीके-एमबी’ इतर स्नायूंतही अल्प प्रमाणात आढळते. १९८९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस व सहकाऱ्यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत मांडली. ट्रोपोनिन टी आणि आय यांची हृदयातील रूपे इतर स्नायूंतील रूपांहून वेगळी असल्याने २००० पासून निदानात त्यांना अग्रस्थान मिळाले.

अतिसंवेदनशील ट्रोपोनिन चाचणीला अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. युरोपात ती त्याआधीच रुळली होती. तरीही दुखू लागल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यात वाढ दिसेलच असे नाही. म्हणून १ ते ३ तासांनी, जुन्या पद्धतीत ३ ते ६ तासांनी, चाचणी पुन्हा करतात. ९९ टक्के निरोगी व्यक्ती ज्या मर्यादेच्या आत असतात ती ओलांडणे आणि दोन नमुन्यांत चढ किंवा उतार दिसणे, या दोहोंना लक्षणे किंवा ईसीजीतील बदल यांसारख्या एखाद्या तरी पुराव्याची जोड मिळाली तरच झटक्याचे निदान होते. मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयस्नायूचा दाह किंवा गंभीर जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढते.

दोन देशांतील अहवाल ताडून पाहताना एककाकडे लक्ष हवे : मिलिलिटरमागे ०.०४ नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरमागे ४० नॅनोग्रॅम. शिवाय प्रत्येक कंपनीच्या चाचणीची मर्यादा निराळी असते.

ईसीजीत गुठळीने रोहिणी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसल्यास डॉक्टर रक्त-अहवालासाठी थांबत नाहीत. छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्याकडे सरकणारी कळ जाणवल्यास घरीही थांबू नये. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ आणि महाराष्ट्रात १०८ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. फोनवर विचारायचा प्रश्नही एकच : दुसरा नमुना केव्हा घेणार?