बांधीतल्या जवसाची कुळकथा

विदर्भातल्या लाखांदूरकडे धान कापणीला येण्याच्या पंधरवडाभर आधी उभ्या धानातच जवस फेकतात. नांगर नाही, वखर नाही. बांधीत उरलेली ओल हेच त्याचे भांडवल. या पेऱ्याला उतेरा म्हणतात. जवसाचा कुठलाही सुधारित वाण निघाला, की मी आधी हेच विचारतो : उतेऱ्यात तो तग धरेल का?

जवस म्हणजेच अळशी. संस्कृतातल्या 'अतसी'ची अळशी झाली. अतसीचे दुसरे नाव 'उमा'. तीळ, उडीद, उमा यांच्या शेतांना काय म्हणावे, यासाठी पाणिनीने सूत्रच रचले आहे. त्यानुसार जवसाचे शेत म्हणजे 'उम्य' किंवा 'औमीन'. ज्याच्या शेताला असा खास शब्द होता, ते पीक आमच्याकडे धानाच्या घरात पाहुणे म्हणून वाढते.

बियाणे सुधारायचे तर आधी मूळ पाहावे, हे बिहारमधल्या पुसा येथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने दाखवले. दख्खनच्या काळ्या जमिनीतला जवस मूळ खोल सोडतो, त्याचा दाणा टपोरा. गंगेच्या गाळातल्याची मुळे वरवर पसरतात, दाणा बारीक. म्हणजे एका मातीतला उत्तम वाण दुसरीकडे नेऊन टाकला की काम झाले, असे नाही. ही समज मला कुठल्याही एका वाणापेक्षा मोलाची वाटते.

पुढे नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून 'एनएल' मालिकेतले वाण आले, 'एनएल-९७' त्यातलाच. पैदासकारांची झुंज तांबेरा, भुरी, मर आणि कळ्या नासवणाऱ्या माशीशी. तेलाचा प्रश्न निराळा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. त्यामुळे ते हवेत लवकर सुकते. रंग आणि लिनोलियमवाल्यांना तेच हवे होते. स्वयंपाकघरात मात्र तेल लवकर खवट होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'टीएल-९९' मध्ये हे आम्ल पाच टक्क्यांच्या आत आणले आहे. घाणीच्या तेलात भाजी फोडणाऱ्या विदर्भासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण वाण निघाला तरी बियाणे वाढवावे लागते : पैदासकार, मग पायाभूत, मग प्रमाणित. इथे उतेरा चालत नाही. त्यात लाखोरी मिसळते, धानाचे सांडलेले दाणे उगवतात. बियाण्यासाठी जमीन नांगरून, ओळीत पेरून जवसाला स्वतःचे शेत द्यावे लागते. फुलोऱ्यात भेसळ उपटायची ती सकाळीच. निळ्या फुलांच्या वाणात एखादे पांढरे फूल तेव्हाच डोळ्यांत भरते. उन्हे चढली, की पाकळ्या गळून ओळीत पडतात आणि सगळी झाडे सारखी दिसू लागतात.