आहारशास्त्रातील आंतरवासिता

आहारशास्त्रातील आंतरवासिता म्हणजे पोषण व आहारशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याने अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णालयात, संस्थात्मक स्वयंपाकघरात व समाजात ठरावीक काळ केलेले प्रत्यक्ष काम होय. वर्गातील शिक्षण आणि स्वतंत्र व्यवसाय यांच्यामधील हा टप्पा आहे. विद्यार्थी शिक्षणसंस्थेपासून दूर, आपल्या गावातील किंवा शहरातील रुग्णालयात हे काम करतो आणि संस्था त्याचे नियोजन व मूल्यमापन दुरून करते, तेव्हा त्यास 'दूरस्थ आंतरवासिता' म्हणतात. या पद्धतीत अंतर असते ते विद्यार्थी व शिक्षणसंस्था यांच्यात. विद्यार्थी, रुग्ण आणि पर्यवेक्षक हे तिघे एकाच ठिकाणी असणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

आहारतज्ज्ञांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटित झाला. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ मध्ये क्लीव्हलँड येथे, तर ब्रिटनमधील संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली. भारतात पोषणविषयक संशोधनाची सुरुवात १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे केली. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलवण्यात आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. आहारतज्ज्ञांची व्यावसायिक संघटना असलेली इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण प्रामुख्याने गृहविज्ञान महाविद्यालयांतून विकसित झाले. पुण्यातील कर्वे रस्त्यावरील एस.एन.डी.टी. गृहविज्ञान महाविद्यालय, मुंबईतील जुहू येथील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय या त्यांपैकी परिचित संस्था आहेत.

भारतातील पात्रता व नियमन

इंडियन डायटेटिक असोसिएशन 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' (आर.डी.) या दर्जासाठी परीक्षा घेते. या परीक्षेसाठी पोषण किंवा आहारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर सामान्यतः सहा महिन्यांची रुग्णालयातील आंतरवासिता अपेक्षित असते. हा दर्जा व्यावसायिक संघटनेने दिलेला असून तो ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये 'डायटिशियन' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. भारतात मात्र दीर्घकाळ असे संरक्षण नव्हते. त्यामुळे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आणि रुग्णालयात प्रशिक्षित झालेली व्यक्ती यांतील फरक सामान्य रुग्णास ओळखता येत नसे.

ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने 'राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१' महत्त्वाचा आहे. या अधिनियमाच्या अनुसूचीतील दहा गटांपैकी एक गट पोषणविज्ञान व्यावसायिकांचा असून त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश होतो. अधिनियमानुसार 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या संज्ञेसाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण आवश्यक आहे. केंद्र व राज्य पातळीवरील नोंदवह्यांची तरतूदही त्यात आहे.

दूरशिक्षणाची मर्यादा

भारतात मुक्त विद्यापीठांनी पोषणविषयक शिक्षणाचा प्रसार मोठ्या प्रमाणावर केला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणाद्वारे चालवला. नोकरी करणाऱ्या, विवाहानंतर शिक्षणाकडे परतलेल्या किंवा महाविद्यालय जवळ नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यामुळे या क्षेत्राचे दार उघडले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक विनियमांनी वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण इत्यादी विषय दूरशिक्षणातून शिकवण्यास मनाई केली. २०२५ मध्ये आयोगाने ही मनाई २०२१ च्या अधिनियमाखाली येणाऱ्या विषयांपर्यंत वाढवली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून मानसशास्त्र, अन्न व पोषणविज्ञान, चिकित्सात्मक पोषण व आहारशास्त्र या विषयांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास उच्च शिक्षणसंस्थांना प्रतिबंध करण्यात आला.

अमेरिकेत वेगळा मार्ग अवलंबला गेला आहे. तेथील अधिस्वीकृतीप्राप्त दूरस्थ कार्यक्रमांत विद्यार्थी आपल्या परिसरातील रुग्णालये व पर्यवेक्षक सुचवतो, परंतु त्यांना मान्यता देणे, लेखी करार करणे आणि कौशल्यांचे मूल्यमापन करणे ही जबाबदारी कार्यक्रमाची असते. २०२२ च्या मानकांनुसार पर्यवेक्षित कामाचे किमान १,००० तास आवश्यक आहेत; पूर्वी ही मर्यादा १,२०० तासांची होती. व्याख्याने दुरून होऊ शकतात, पण रुग्णाजवळच्या कामाला पर्याय नाही, हे तत्त्व दोन्ही देशांत समान आहे.

सर्वसाधारण अटी

पर्यवेक्षित आंतरवासितेत, ती दूरस्थ असो वा नसो, सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात :

• शैक्षणिक पूर्वतयारी : शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, चिकित्सात्मक पोषण, सामुदायिक पोषण, अन्नसुरक्षा व अन्नसेवा व्यवस्थापन या विषयांचे पूर्ण शिक्षण.
• पर्यवेक्षक : त्याच संस्थेत प्रत्यक्ष काम करणारा, पात्र व अनुभवी आहारतज्ज्ञ. नातेवाईक किंवा केवळ दूरध्वनीवर उपलब्ध असलेली व्यक्ती पर्यवेक्षक म्हणून योग्य मानली जात नाही.
• संस्था : विविध विभाग, आंतररुग्ण सेवा आणि स्वतंत्र आहार विभाग असलेले रुग्णालय.
• लेखी करार : शिक्षणसंस्था व रुग्णालय यांच्यात कामाची व्याप्ती, कालावधी आणि जबाबदारी निश्चित करणारा करार.
• आरोग्य व गोपनीयता : वैद्यकीय तपासणी, आवश्यक लसीकरण आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची हमी.
• नोंदी : तासांची दैनंदिनी, रुग्ण-अभ्यास व पर्यवेक्षकाची स्वाक्षरी असलेले मूल्यमापन.

प्रशिक्षणाची क्षेत्रे

चिकित्सात्मक पोषण : आंतरवासितेचा सर्वाधिक काळ रुग्णकक्षांत जातो. विद्यार्थी प्रथम दाखल रुग्णाच्या कुपोषणाच्या धोक्याची चाळणी करतो. त्यासाठी 'मस्ट' किंवा 'एनआरएस-२००२' यांसारखी साधने वापरली जातात. त्यानंतर वजन, प्रयोगशाळेतील तपासण्या, औषधे व आहाराचा पूर्वेतिहास पाहून मूल्यमापन, पोषणनिदान, उपाययोजना आणि पाठपुरावा अशा चार टप्प्यांत काम केले जाते. नळीद्वारे द्यावयाच्या आहाराचे प्रमाण ठरवणे हाही या प्रशिक्षणाचा भाग असतो.

अन्नसेवा व्यवस्थापन : रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिधा मागवणे, साठवण, पाककृतींचे प्रमाणीकरण, तापमान व स्वच्छतेची तपासणी आणि योग्य ताट योग्य रुग्णापर्यंत पोहोचवणे हे शिकवले जाते. कागदावर अचूक असलेला आहार वाढताना बदलला, तर उपचारही बदलतो.

सामुदायिक पोषण : अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र व शाळा ही या प्रशिक्षणाची ठिकाणे आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे एक लक्षण आहे. फीत किती घट्ट धरावी हे पुस्तकात वाचता येते. हात न थांबवणाऱ्या बालकाचे माप अचूक घेणे सरावानेच जमते.

पर्यवेक्षणाचे महत्त्व

आहारसल्ला निरुपद्रवी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. मूत्रपिंडाच्या विकाराचे उदाहरण या समजाच्या विरुद्ध जाते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या व प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढास डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, वैद्यकीय देखरेखीखाली, दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. डायलिसिस सुरू झाल्यावर हेच प्रमाण १.० ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णास आधी ३३ ते ३६ ग्रॅम आणि नंतर ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. आजाराचे नाव तेच राहते, सल्ला मात्र जवळपास दुप्पट होतो. जुना तक्ता तसाच चालू ठेवल्यास रुग्णाचे स्नायू झिजतात.

दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीस एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. यास पुनःपोषण संलक्षण म्हणतात. अशा रुग्णाचा आहार टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा निर्णय विद्यार्थ्याने एकट्याने घ्यावयाचा नसतो.

स्थानिक आहारपद्धतीचे ज्ञानही पर्यवेक्षणातून मिळते. मधुमेही रुग्ण उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खातो; साबुदाणा हा जवळजवळ पूर्णपणे पिष्टमय असून त्यात प्रथिने नगण्य असतात. उपवास मोडण्याचा सल्ला न देता भगर, दाणे, दही व ताक यांचे प्रमाण रुग्णाच्या साखरेनुसार बसवून देणे, हे परदेशी तक्त्यांत न मिळणारे कौशल्य आहे. त्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टके उपयोगी पडतात. त्यांत ५२८ अन्नपदार्थांचे विश्लेषण आहे.

पुणे व येरवडा

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयासारखी सार्वजनिक व अनेक विश्वस्त रुग्णालये असल्याने चिकित्सात्मक अनुभवाचे क्षेत्र विस्तृत आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळील गावांत माता-पोषण अभ्यास सुरू केला. वजनाने कमी, तरीही शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असलेल्या भारतीय अर्भकाची संकल्पना या कामातून पुढे आली.

येरवडा येथील दोन शासकीय संस्था संस्थात्मक आहाराचे स्वरूप समजण्यासाठी उल्लेखनीय आहेत. येरवडा मध्यवर्ती कारागृह १८७१ पासून अस्तित्वात आहे. कारागृहातील शिधा नियमांनी ठरलेला असतो आणि आजारी बंद्याच्या आहारातील बदल वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने होतो. दुसरी संस्था म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २० मध्ये अशा आस्थापनांतील व्यक्तींच्या पोषक अन्नाच्या हक्काचा समावेश आहे.

मनोरुग्णांच्या आहाराचे प्रश्न वेगळे असतात. ओलान्झापिन व क्लोझापिन यांसारख्या औषधांनी भूक व वजन वाढते आणि मधुमेहाचा धोका निर्माण होतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे मीठ अचानक कमी केल्यास रक्तातील लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. उच्च रक्तदाबासाठी एरवी योग्य असलेला 'मीठ कमी करा' हा सल्ला येथे घातक ठरू शकतो. शिवाय अनेक रुग्णांना आपला त्रास शब्दांत सांगता येत नाही. ताटात उरलेले अन्न, बदललेले वजन आणि परिचारिकेची नोंद यांवरूनच विद्यार्थ्याला निष्कर्ष काढावा लागतो. असे निरीक्षण दुरून करता येत नाही.

प्रश्न व अडचणी

आंतरवासिता अनेक ठिकाणी विनावेतन असते आणि काही संस्था त्यासाठी शुल्कही आकारतात. मोठी रुग्णालये शहरांत एकवटल्यामुळे ग्रामीण व आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांना निवास व प्रवासाचा खर्च सोसावा लागतो. दूरशिक्षणातील प्रवेश बंद झाल्याने शिक्षणाची गुणवत्ता व रुग्णाची सुरक्षितता यांना बळ मिळेल, असे समर्थक मानतात. दुसऱ्या बाजूने, ज्या विद्यार्थ्यांसाठी दूरशिक्षण हाच एकमेव मार्ग होता, त्यांच्यासाठी स्थानिक पर्याय उभा राहिलेला नाही, असा आक्षेप घेतला जातो. जिल्हा रुग्णालयांत पात्र पर्यवेक्षक आहारतज्ज्ञांची पदे निर्माण होणे आणि तेथे मान्यताप्राप्त आंतरवासिता सुरू होणे, यावर या दोन्ही अपेक्षांचा मेळ अवलंबून आहे.

हे सुद्धा पहा

• आहारशास्त्र
• कुपोषण
• दूरशिक्षण
• राष्ट्रीय पोषण संस्था
• येरवडा