उपाशी मुळाची हाक

ज्वारीच्या रानात टारफुला दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. दिसायला हे झुडूप वीतभर. पण त्याची मुळे ज्वारीच्या मुळांना चिकटलेली असतात, आणि वर फूल दिसेपर्यंत खाली पिकाची लूट होऊन गेलेली असते. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. ते मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि जवळ मूळ आले म्हणजेच जागे होते. मुळाची ही चाहूल त्याला लागते तरी कशी? या साध्या प्रश्नातून वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय निघाला. तोच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१९५६ साली अमेरिकेच्या कॅरोलायना राज्यांत मक्यावर टारफुल्याची एक जात आढळली आणि तेथे एकच धावपळ उडाली. या शत्रूचा अभ्यास सुरू झाला. १९६६ साली कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बियांना जागे करणारे द्रव्य मुळांच्या स्रावातून वेगळे काढले. त्याला 'स्ट्रायगॉल' हे नाव मिळाले. मौज अशी की, ते हाती लागले कापसाच्या मुळांतून. आणि कापसावर तर हा टारफुला जगतच नाही! तेथे बी फसून उगवते आणि आसरा न मिळाल्याने मरते. टारफुल्याच्या रानात कापसाचा फेरपालट उपयोगी पडतो, तो यामुळेच.

परंतु कोडे सुटले नव्हते. चोराला हाक मारण्यासाठी कोण आपल्या पदरचे खर्च करील? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ साली जपानमध्ये आकियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ही हाक मुळी चोरासाठी नव्हतीच. मातीत राहणाऱ्या एका जातीच्या बुरशीसाठी ती होती. ही बुरशी मुळांत शिरते, बाहेर आपले धागे दूरवर पसरून स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध द्रव्ये घेते. स्ट्रायगॉलच्या कुळातील द्रव्याचा स्पर्श होताच तिच्या धाग्यांना फांद्या फुटतात व मुळाची गाठ पडणे सोपे होते. हा स्नेह सुमारे ४० कोटी वर्षांचा आहे. चोराने केवळ ती हाक चोरून ऐकली.

मग झाड हाक केव्हा मारते? २००७ साली योनेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द ज्वारीवर पाहिले की, नत्र किंवा स्फुरद कमी पडले म्हणजे हा स्राव वाढतो. पोट भरलेले असता झाड जवळजवळ गप्प बसते. पुढच्याच वर्षी, २००८ साली, दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनी मटार व भात यांवरून सिद्ध केले की, ही द्रव्ये झाडाची स्वतःची संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, आहेत. ती नव्या फांद्यांना आवर घालतात. म्हणजे एकच शब्द घरात सांगतो, 'काटकसर करा', आणि दाराबाहेर सांगतो, 'मदतीला या'.

आता हलक्या रानात टारफुला का माजतो, हे ध्यानात येईल. ज्याची जमीन निकस, त्याचेच पीक अधिक मोठ्याने हाक मारते, आणि ती मित्राबरोबर शत्रूलाही ऐकू जाते. गरिबीवर हा दुहेरी मार आहे. उलट, स्फुरदाची खैरात झाली तर हाक थांबते, आणि जुना मित्रही दारातून परत जातो. म्हणून खत घालू नये असा याचा अर्थ नव्हे. जमिनीला काय हवे ते पाहून, बेताने घालावे, एवढाच आहे.

शास्त्राने या द्रव्याला आधी शत्रूच्या नावाने ओळखले, मग मित्राच्या नात्याने, आणि शेवटी झाडाच्या स्वतःच्या गरजेने. क्रम उलटा झाला खरा. पण टारफुल्याने छळले नसते, तर मुळाच्या बोलण्याकडे आम्ही कान तरी कधी दिला असता?