चंद्रावरील धूळ

इ. स. १९५५ मध्यें टॉमस गोल्ड या ज्योतिर्विदानें असें मत मांडलें कीं, चंद्रावरील मैदानें धुळीच्या जाड थरांनीं भरलेलीं असावींत. उतरणारें यान तींत गडप होईल कीं काय, अशी धास्ती पुष्कळांस वाटूं लागली. १९६६ सालीं अमेरिकेचें सर्व्हेयर-१ हें निर्मनुष्य यान तेथें सुखरूप उतरलें आणि ती धास्ती ओसरली. परंतु धुळीनें माणसाचा पिच्छा सोडला नाहीं. गिळण्याऐवजीं ती चिकटून बसली.

पृथ्वीवरील वाळूचे कण वारा व पाणी यांच्या योगानें गुळगुळीत होतात. चंद्रावर हीं दोन्ही नाहींत. म्हणून तेथील कण कांचेच्या चुऱ्याप्रमाणें धारदार राहतात. नोव्हेंबर १९६९ मध्यें अपोलो-१२ चे कॉनराड व बीन चंद्रावरून परतले, तेव्हां मुख्य यानांत थांबलेल्या गॉर्डन यांनीं मळके पोशाख उतरविल्यावांचून त्यांस आंत घेतलें नाहीं. पाय धुऊन घरांत शिरण्याची आपली रीत तेथेंही उपयोगी पडली म्हणावयाची!

डिसेंबर १९७२ मध्यें अपोलो-१७ च्या सर्नन यांचा हातोडा अडकून चांद्रगाडीचें एक मडगार्ड मोडलें. चाकानें उडविलेली धूळ दोघांवर पावसासारखी कोसळूं लागली. मळलेलीं यंत्रें उन्हांत अधिक तापतात, हें भय निराळेंच. अखेर चार नकाशे चिकटपट्टीनें जोडून चिमट्यांनीं तेथें बसविले, आणि काम निभावलें. यानांत मात्र त्यांचे सोबती, भूशास्त्रज्ञ श्मिट यांचें नाक त्या धुळीनें चोंदलें. तिला जळलेल्या बंदुकीच्या दारूचा वास येई.

मार्च २०२५ मध्यें ब्ल्यू घोस्ट या निर्मनुष्य यानावर विद्युत्क्षेत्राच्या साहाय्यानें कांचेवरील धूळ झटकून दाखविण्यांत आली. छातींत गेलेल्या धुळीस हा उपाय चालत नाहीं.