घरी जोडलेला ॲम्प्लिफायर आणि विजेचा हम

ॲम्प्लिफायर चालू आहे, गाणे लावलेले नाही, व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आहे आणि तरीही स्पीकरमधून खालच्या पट्टीतला एकसारखा ‘हूं’ येतो. रेडिओ-दुरुस्तीच्या धंद्यात याला ‘हम’ म्हणतात. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते आणि तिची आवर्तने सेकंदाला ५० होतात. ॲम्प्लिफायरला मात्र एकाच दिशेने वाहणारा, स्थिर दाबाचा पुरवठा लागतो. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कंडेन्सर मिळून हा बदल घडवतात. त्यात काही अपुरे राहिले, तर ते कानाला ऐकू येते. म्हणून हम शोधण्याच्या पद्धती घडत गेल्या त्या विजेचा पुरवठा, बाजारात मिळणारे सुटे भाग आणि ते जोडणारे हात या तिन्हींच्या बदलत्या परिस्थितीतून.

विजेच्या पुरवठ्याचे उदाहरण म्हणून सापगाव घेऊ. हे शहापूर तालुक्यातले भातसा नदीकाठचे गाव. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता इथे नदी ओलांडतो. खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पण त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. १९३०च्या सुमारास इगतपुरीपर्यंतच्या लोहमार्गाचे विद्युतीकरण होऊन जवळच्या आसनगाव स्थानकावरून गाड्या १५०० व्होल्टच्या तारेखाली धावू लागल्या, तरी रुळांच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांत दिवा लागायला पुढची काही दशके जावी लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला.

तोवर खेड्यातला आवाज बॅटरीवर चालत असे. सार्वजनिक ध्वनिक्षेपणात मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नाव मोठे होते. मोटवाने कुटुंबाच्या या कंपनीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या अधिवेशनांत असत आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवरच्या ‘भारत छोडो’ सभेतही तेच होते. वीज नसलेल्या गावी सभा, तमाशा किंवा मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा असली, की मोटारीची बॅटरी आणि भोंगा हाच उपाय असे. कोरड्या बॅटरीवरच्या व्हॉल्व्ह रेडिओत हम नसायचाच, कारण बॅटरीचा प्रवाह मुळातच एकदिश असतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला मात्र दाब वाढवण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ लागे आणि त्याची स्वतःची गुरगुर स्पीकरमध्ये उतरे.

घरच्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह संचांत हमची दोन ठळक उगमस्थाने होती. पहिले म्हणजे २५० ते ३०० व्होल्टच्या पुरवठ्यातला उरलेला चढउतार. त्या काळी मोठे कंडेन्सर महाग असत. ८, १६ किंवा ३२ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर आणि त्यांच्यामध्ये एक चोक, अशी गाळणी बनवत. जुन्या स्पीकरांत कायम चुंबकाऐवजी विद्युतचुंबक असे आणि त्याचे वेटोळेच चोकचे काम करी. दुसरे उगमस्थान फिलॅमेंटचे. ६.३ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज थेट व्हॉल्व्हच्या तापकाला दिली जाई आणि तिथून हम संदेशात शिरे. त्यावर फिलॅमेंटच्या दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ घालून त्या चासीच्या कडेने नेणे हा नियम पडला. पिळामुळे दोन्ही वायरींची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी एकमेकांना छेदून नाहीशी होतात. आजही नीटनेटक्या जोडणीची ही पहिली खूण मानली जाते.

ट्रान्झिस्टर आल्यावर प्रश्नाचे रूप बदलले. दाब १२ ते ४० व्होल्टवर उतरला, पण प्रवाह मिलिॲम्पिअरमधून ॲम्पिअरमध्ये गेला. त्यामुळे कंडेन्सरही शेकडो पटींनी मोठे लागू लागले. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुट्या भागांचा बाजार वाढला होता. आसनगावहून लोकलने येणाऱ्या कारागिरालाही तिथे ट्रान्सफॉर्मर, ‘२एन३०५५’ ट्रान्झिस्टर, पुढे ‘टीबीए ८१०’ आणि ‘एलए ४४४०’ या आयसींचे किट मिळू लागले. १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकातून मंडल-आकृत्या मिळत. कॅसेटचा काळ आला तेव्हा लाकडी खोक्यात घरी जोडलेला ॲम्प्लिफायर खेडोपाडी दिसू लागला.

या किटांतल्या हमचे मुख्य कारण साध्या हिशेबात सापडते. गाळणीचा कंडेन्सर म्हणजे पाण्याची टाकी: डायोड ती ठरावीक अंतराने भरतात आणि ॲम्प्लिफायर सतत रिकामी करतो. चार डायोडच्या ब्रिजमधून ती सेकंदाला १०० वेळा भरली जाते. १ ॲम्पिअर प्रवाह घेताना २२०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर साधारण ४.५ व्होल्टचा चढउतार राहतो, ४७०० मायक्रोफॅरडवर तो २ व्होल्टच्या आसपास येतो. पैसे वाचवण्यासाठी १००० मायक्रोफॅरड लावला, तर मोठ्या आवाजाला हम ठरलेलाच.

खेड्यातल्या विजेने त्यात आणखी एक कारण घातले. कृषिपंप चालू झाले की दाब २३० व्होल्टवरून बराच खाली जाई. प्रीॲम्पला, म्हणजे इनपुटच्या पहिल्या टप्प्याला, स्थिर १२ व्होल्ट देणाऱ्या ‘७८१२’ या आयसीला आत किमान १४ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण दाबाला १५ व्होल्टच्या वर मिळतात, पण घरात १८० व्होल्ट असताना जेमतेम १२ उरतात. मग आयसीचे नियंत्रण सुटते आणि सगळा चढउतार पुढे जातो. दिवसा स्वच्छ वाजणारा संच संध्याकाळी गुणगुणतो, तो याच कारणाने. अशा ठिकाणी १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावणे हा खरा उपाय आहे.

गणेश मंडळांच्या संचांचा आजार वेगळा असतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उष्णतेने सुकतो आणि त्याची क्षमता घटते. महिनोन्‌महिने विजेविना पडून राहिला, तर त्याच्या आतला ऑक्साइडचा थर दुबळा होतो. गणपतीनंतर बांधून ठेवलेला ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षी थेट पूर्ण दाबावर लावला, तर तो नुसता हम देत नाही, कधी कंडेन्सर फुगून फुटतोही. म्हणून जाणते मेकॅनिक असा साध्या ट्रान्सफॉर्मरचा संच प्रथम ‘सिरीज बल्ब’मधून चालवतात. बल्ब प्रवाहावर मर्यादा घालतो, कंडेन्सरचा थर पुन्हा जमायला वेळ मिळतो आणि कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून ते सांगतो.

या अनुभवातून निदानाचा एक क्रम पक्का झाला. आधी स्वर ऐकायचा. १०० हर्ट्झचा हम ५० हर्ट्झच्या बरोबर वरच्या सप्तकात असतो, त्यामुळे हार्मोनियमची सवय असलेल्या कानाला दोन्हींतला फरक कळतो. १०० हर्ट्झचा असेल तर संशय गाळणीवर. ५० हर्ट्झचा असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड तुटलेला असतो किंवा बाहेरच्या विजेचा प्रभाव संदेशाच्या वायरीत शिरत असतो. मग व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. हम तसाच राहिला तर दोष पुरवठ्यात किंवा शेवटच्या टप्प्यात, कमी झाला तर इनपुटच्या बाजूला. त्यानंतर व्हॉल्यूम पुन्हा वाढवून इनपुटची पिन ग्राउंडला जोडायची. हम थांबला तर शिल्ड वायर किंवा तिचा सुटलेला टाका तपासायचा. कंडेन्सरचा संशय असेल, तर वीज बंद करून, साठा उतरवून, त्याच्याशी समांतर चांगला कंडेन्सर धन-ऋण टोके पाहून जोडायचा आणि संच पुन्हा चालू करून ऐकायचे.

भाग सगळे चांगले असूनही हम राहतो, तेव्हा दोष मांडणीत असतो. डायोडकडून कंडेन्सरला जाणारा प्रवाह झटक्यांनी वाहतो. त्याच वायरीवर इनपुटचे ग्राउंड जोडले, तर ते झटके संदेशात मिसळतात. म्हणून सगळी ग्राउंड कंडेन्सरजवळच्या एकाच बिंदूवर स्वतंत्र वायरींनी आणतात. ट्रान्सफॉर्मर प्रीॲम्पपासून दूर ठेवतात आणि पक्का बसवण्यापूर्वी फिरवून, हम सर्वांत कमी येईल ती दिशा निवडतात. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केलेली असतील, तर त्यांच्यातल्या शिल्ड वायरीतून प्रवाह फिरतो. त्यासाठी दोन्ही एकाच बोर्डावर लावतात. प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाकल्याने असा हम जातो हे खरे, पण बॉडीत वीज उतरली तर ती माणसाच्या जिवावर बेतते. हा मार्ग कधीही धरू नये.

अलीकडच्या तयार बोर्डांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड वीजपुरवठा, असते. ते हजारो हर्ट्झवर काम करते, त्यामुळे गाळणीचा हम सहसा ऐकू येत नाही. अर्थिंगचा आणि गळती प्रवाहाचा हम मात्र राहिला. चार्जिंगला लावलेला मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडला की गुणगुण येते आणि चार्जर काढला की थांबते. इथेही एकेक जोडणी सुटी करत कारण शोधावे लागते. भाग बदलले, तरी व्हॉल्व्हच्या काळापासून चालत आलेला निदानाचा हा क्रम अजून तसाच उपयोगी पडतो.